पडद्याच्या कडेची बाई

वस्तू बंद पडली की बाकीचे हळहळत, आणि मालती महाजन तिचं झाकण उघडून बघे. मिक्सर, इस्त्री, देवघरातली लुकलुकती माळ, कशाचीच तिला भीती नव्हती. सरकारी शाळेत उभी हयात गणित शिकवून ती नुकतीच निवृत्त झाली होती आणि आता घरातल्या वस्तूंना तिच्यापासून जपून राहावं लागे, असं नंदकुमार म्हणायचा. नंदकुमार म्हणजे तिचा नवरा. त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. त्याला वस्तू चालू असली की बस, आत काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मागच्या खोलीतला कॉम्प्युटर गेला. म्हणजे त्याचा मॉनिटर गेला. खालचा डबा सुरू होत होता, पंखा घरघरत होता, दिवा लागत होता, पण पडदा काळाठिक्कर.

"भंगारात देऊन टाकू," नंदकुमार म्हणाला. "पल्लवी कॉलेजात होती तेव्हाचा आहे तो."

"डोळे गेले म्हणून माणूस भंगारात देतात का?" मालती म्हणाली. "डबा चांगला आहे. त्यात पल्लवीनं सगळे जुने फोटो भरून ठेवलेत. आधी बघू तर द्या."

"बघणार कशावर?"

मालतीनं हॉलमधल्या टीव्हीकडे बोट केलं. भिंतीएवढा नाही, पण चांगला मोठा होता. गेल्या दिवाळीला घेतलेला, पातळ, एचडी. दुकानाची किल्ली घेऊन नंदकुमार निघून गेला.

मालतीनं टीव्ही भिंतीपासून ओढला आणि मोबाईलच्या उजेडात त्याची पाठ बघितली. मग कॉम्प्युटरची पाठ बघितली. कॉम्प्युटरला चित्रासाठी एक रुंद निळी जागा होती, बारीक भोकांच्या तीन रांगांची. टीव्हीला तसली जागाच नव्हती. तिथं नुसती चपटी फट. सोयरीक जुळायची तर मधे कोणीतरी मध्यस्थ पाहिजे, हे तिला उमगलं. दोन्ही पाठींचे फोटो काढून संध्याकाळी ती शनवारा चौकात धर्मेंद्रच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

धर्मेंद्रनं फोटोवर एक नजर टाकली आणि काडेपेटीएवढी काळी डबी काढून काउंटरवर ठेवली. "काकी, ही बीचमें लावा. इकडून तुमची जुनी वायर, तिकडून टीव्हीची. ही छोटी शेपटी आहे ना, ती कॉम्प्युटरच्या यूएसबीत खुपसा, डबीला करंट मिळेल."

"आणि हे गोल भोक कशाचं?"

"ते राहू द्या. त्याची जरूरत नाही पडत."

जरूरत पडत नाही तर भोक केलं कशाला, हा प्रश्न मालतीच्या ओठावर आला होता. पण मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती. डबी पिशवीत टाकून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नंदकुमार जेवायला आला तेव्हा, हॉलभर वायरी पसरल्या होत्या. डबा टीव्हीखालच्या टेबलावर चढला होता. मालतीनं बटण दाबलं, पंखा घरघरला, आणि टीव्हीनं निळ्या पडद्यावर लिहिलं: सिग्नल नाही.

"सांगत होतो," नंदकुमार म्हणाला.

"थांबा. टीव्ही अजून सेट टॉप बॉक्सकडेच कान लावून बसलाय." तिनं रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबलं. नावांची रांग आली. पहिलं निवडलं, काही नाही. दुसरं निवडलं, तेही नाही. मग तिच्या लक्षात आलं, डबीची शेपटी लोंबकळतच राहिली होती. ती खुपसल्याबरोबर डबीवर बारीक निळा दिवा लागला आणि टीव्हीवर पल्लवीनं कधीकाळी लावलेलं बर्फाच्या डोंगराचं चित्र उमटलं. मॉनिटरवर ते पोस्टकार्डाएवढं दिसे. इथं त्या डोंगरावर एक माणूस चढतो आहे, हे मालतीला आज पहिल्यांदा कळलं.

नंदकुमारनं पोळीचा घास हातात धरूनच म्हटलं, "चांगलं दिसतंय की."

पण मालती खालच्या कडेकडे बघत होती. तिथं खाली डाव्या कोपऱ्यात सुरुवात करायचं बटण असतं. ते नव्हतं. घड्याळ नव्हतं. उंदीर खाली नेला की बाण पडद्याबाहेर नाहीसा व्हायचा आणि वर आणला की परत यायचा. चित्र पूर्ण होतं, पण चारी बाजूंनी कुणी बोटभर कातरून घेतल्यासारखं.

तिनं इंदूरला पल्लवीला फोन लावला. पल्लवी बँकेत होती, पण आईचा दुपारचा फोन तिनं उचलला.

"आई, ती टीव्हीची जुनी खोड आहे," ती म्हणाली. "पूर्वीचे डब्ब्यासारखे टीव्ही होते ना, त्यात चित्र थोडं मोठं करूनच दाखवायचे. कडा चौकटीच्या मागे जायच्या. कडेला वेड्यावाकड्या रेघा असायच्या, त्या दिसू नयेत म्हणून. नव्या टीव्हीतही काही जण तीच सवय ठेवतात. सेटिंगमध्ये पिक्चर साइज बघ. स्क्रीन फिट असं काहीतरी असेल."

"म्हणजे त्या जुन्या टीव्हीवर आपण जे जे बघितलं, त्याच्या कडा आपण बघितल्याच नाहीत?"

"कडेला कोण काय ठेवतं गं?" पल्लवी हसली आणि फोन ठेवला.

मालतीनं सेटिंग शोधलं. एक बटण दाबताच चित्र चारी बाजूंनी आत सरकलं, आणि खालची पट्टी, घड्याळ, सगळं आपापल्या जागी येऊन बसलं. तिला मनापासून बरं वाटलं. गणिताचा ताळा जुळल्यावर वाटतं तसं.

फोटो बघता बघता एक फाइल निघाली: पल्लवी, पहिली, स्नेहसंमेलन. शाळेनं तेव्हा शूटिंगवाला बोलावला होता आणि पालकांना कॅसेटी दिल्या होत्या. ती कॅसेट घरातल्या जुन्या टीव्हीवर इतकी बघितली गेली, की शेवटी तिची फीत घासली. मग पल्लवीनं कुणाकडून तरी ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली, आणि त्यानंतर ती कुणीच बघितली नव्हती.

या कॅसेटला घरात एक इतिहास होता. नंदकुमारचे वडील, पंडितआबा, फार कडक. घरात रेडिओ लागला तर बातम्यांपुरता. नात कानबाई देवीच्या गाण्यावर स्टेजवर नाचणार हे कळल्यावर त्यांनी जेवण सोडलं होतं. "महाजनांच्या पोरी चारचौघांत नाचत नसतात," एवढंच वाक्य. सासऱ्यापुढे मालती तोवर कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. तिनं सांगितलं, पोरगी नाचणार, आणि मी पुढच्या रांगेत बसून बघणार. आबा म्हणाले, तुम्हाला करायचं ते करा, मी येणार नाही. संमेलनाच्या दिवशी सकाळीच ते कोणाचा तरी कापूस बघायला म्हणून चांदनी गावाला निघून गेले. रात्री परत आले, जेवले, झोपले. कसं झालं, एवढंही विचारलं नाही. ही गोष्ट मालतीनं कधी उगाळली नाही, पण विसरलीही नाही. आबांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली होती.

तिनं फाइल उघडली. टीव्हीच्या मधोमध चौकोनी चित्र आलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. खालच्या कडेला खरोखरच रेघा थरथरत होत्या. स्टेज, झालर, हिरव्या परकरातल्या पोरी. पण आवाज नव्हता. मालतीनं रिमोटनं आवाज वाढवला. काही नाही.

"मुकं आहे," नंदकुमार म्हणाला आणि आचवायला उठला.

मालती तशीच बघत राहिली. गाणं असतं तेव्हा माणूस गाण्याच्या मागे जातो. गाणं नसल्यामुळे तिचे डोळे मोकळे होते. पोरी गोल फिरल्या, एक चुकली, तिच्या मागची चुकली, मग गोल मोडला आणि सगळ्या गांगरून उभ्या राहिल्या. पल्लवीही. हेही घरात सगळ्यांना पाठ होतं. मग पल्लवी मान वळवते, डावीकडे बघते, आणि एकटीच पाय टाकायला लागते. मग दुसऱ्या तिच्याकडे बघून नाचतात, आणि नाच सावरतो. सगळा नाच पल्लवी प्रेक्षकांकडे न बघता डावीकडेच बघत करते. त्यावरून तिला पुढं किती वर्षं चिडवलं होतं.

आणि आता डाव्या कडेला, झालरीच्या आडोशाला, कोणीतरी होतं.

मालती पुढं सरकली. तिनं चित्र थोडं मागे घेतलं आणि पुन्हा लावलं. एक बाई. डोक्यावरून पदर, अर्धा चेहरा झाकलेला. ती जागेवरच नाचत होती. पाय दिसत नव्हते, पण खांदे, मान, वर गेलेला हात, सगळं तालात. आणि कसं तालात. शाळेतल्या बाईंनी बसवलेल्या नाचासारखं मोजून मापून नाही. अंगातून आल्यासारखं. पल्लवी तिचं बघून एक एक पाऊल टाकत होती.

"अहो, इकडे या," मालती म्हणाली.

नंदकुमार हात पुसत आला. "कोण आहे ही?"

"तेच म्हणते मी. नाच बसवणाऱ्या बाई ठेंगण्या होत्या. ही उंच आहे. आणि ही या कॅसेटमध्ये कधी नव्हतीच."

"नव्हती कशी? आज आली का?"

"होती. आपला टीव्ही तिला चौकटीमागे ढकलत होता."

दोघं बघत राहिले. मालतीनं चित्र थांबवलं. थांबलेलं चित्र जरा फाटल्यासारखं दिसत होतं, पण त्या बाईचा वर गेलेला हात स्पष्ट होता. मनगटावर घड्याळ होतं. बायकांचं नव्हे, मोठं, आणि तबकडी आतल्या बाजूला, नाडीवर.

नंदकुमार खाली बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवरच, वायरींच्या मधे. घड्याळाची तबकडी आत ठेवून बांधणारा एकच माणूस त्यानं पाहिला होता. पोत्यांवर घासून काच फुटते, असं त्यांचं म्हणणं असायचं.

"तो पदर नाही," तो म्हणाला. "गमछा आहे. आबांचा."

मालतीनं पुन्हा पुन्हा लावून बघितलं. एकदा कळल्यावर मग दुसरं काही दिसेना. ते खांदे आबांचेच होते. पण त्या खांद्यांना असं हलताना तिनं कधीच पाहिलं नव्हतं. राग, आश्चर्य, हसू, सगळं तिच्या मनात गर्दी करून आलं आणि शेवटी त्यातून एक साधा प्रश्न उरला. हा माणूस हे शिकला कुठं?

पल्लवीला संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, "मला एक बाई आठवते गं आई. मी घाबरले होते आणि एक बाई नाचून दाखवत होती. मला वाटायचं, दुसऱ्या कुणाची तरी आई असेल." तिलाही आबा ओळखू आले नव्हते.

आबांच्या पिढीतलं आता एकच माणूस उरलं होतं: त्यांचे चुलतभाऊ निंबाकाका, इच्छापूरला. पुढच्या रविवारी दोघं त्यांच्याकडे गेले. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सरकत होत्या आणि नंदकुमार नेहमीसारखा कुणाचं ठिबक कसं आहे हेसुद्धा बघत नव्हता.

निंबाकाका ओसरीवर बाजेवर बसले होते. गुडघे गेलेले, पण नजर शाबूत. मालतीनं थांबवलेल्या चित्राचा फोटो मोबाईलवर आणला होता. तिनं तो पुढं धरला. म्हाताऱ्यानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हे कोनं काढलं?" त्यांनी विचारलं.

"शूटिंगवाल्यानं. त्यालाही माहीत नसेल," मालती म्हणाली. "काका, हे आबाच ना?"

"आता फोटूच काढला तर नाही कसा म्हनू? पंडितच हाये." त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला. "त्या दिवशी मी संगं व्हतो. मले म्हने, निंबा चाल, एकट्याले भ्या वाटते. चांदनीले जातो सांगून निघाला अन मले घेऊन शायेच्या मागच्या दारानं गेला. शायेवाले समजले का मांडववाल्याचेच मानसं हाये. कोनी अडवलं नाही."

"पण त्यांना नाच कुठून येत होता?" नंदकुमारनं विचारलं.

निंबाकाका म्हणाले, "तुह्या बापाच्या पायात देवी व्हती, नंदू. पोरगा व्हता तवा कानबाईच्या राती बाया त्याले बोलवायच्या. लुगडं नेसायचा, केस लांब ठेवले व्हते. असा नाचायचा का बाया गानं इसरून पाहत राह्यच्या. तुह्या आज्यानं एक दिवस पाह्यलं. लुगडं नेसेलच त्याले वट्ट्यावर बसवलं, सगळ्या गावासमोर न्हाव्याकून डोकं भादरलं. पंडित रडला नाही. दुसऱ्या दिवशी बऱ्हानपूरले गेला, दुकानात हमाली धरली. गावात आला तो लगनाच्या टायमाले. त्याच्यानंतर मी त्याले नाचताना पाह्यलं नाही. एक त्या दिवशी सोडून."

ओसरीवर कोंबड्या फिरत होत्या. मालतीला जेवण सोडून बसलेले आबा आठवले. तिला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस मुलीला अडवतो आहे. आता तिला वाटलं, तो नातीला त्या वट्ट्यापासून वाचवत होता, त्याला येत होतं त्या रीतीनं.

"ते नुसतं बघायला आले होते?" तिनं विचारलं.

"नुसतं पाहाले. आडोशाले हुभा व्हता गुपचूप. पन पोरी भुलल्या. नात इकडं तिकडं पाहू राह्यली, रडाले आली. म्या पाह्यलं, पंडितनं टोपी काढली, माह्या हातात देली. खांद्यावरचा गमछा डोक्यावर घेतला. बस."

"घरी येऊन बोलले का नाहीत?" मालतीचा आवाज जरा चढला. "मी इतकी वर्षं..."

"म्या बी तेच म्हनलं. सूनबाईले सांग, म्हनलं, ते खूश व्हईन. तर म्हने, नको. ते माह्याशी भांडली अन जिकली. आता मी आलतो म्हनून सांगतलं, तर तिचं जिकनं माह्या नावावर जाईन. तिचं तिच्याजोळ राहू दे."

मालतीनं काकांच्या सुनेनं आणलेला चहा घेतला आणि तो गार होईपर्यंत तसाच हातात धरून ठेवला.

निघताना निंबाकाका म्हणाले, "फोटूत पंडित हुभाच हाये. हालताना दिसते का?"

"दिसतात," मालती म्हणाली. "तुम्हीच चला आमच्याकडे. आज राहा, उद्या सोडू."

म्हाताऱ्याला गाडीत बसवणं सोपं नव्हतं, पण ते आले. शहरात शिरल्यावर नंदकुमारनं गाडी थांबवून माव्याची जिलबी घेतली. घरी पोचल्यावर काकांना टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट दिला. मालतीनं फाइल लावली. चित्र आलं, पण गाणं नाही.

"आवाज नाही का?" काकांनी विचारलं. "गान्याबिगर काय पाहाचं?"

मालती उठली. गाणं कॉम्प्युटरमधून निघतं, ही निळी वायर फक्त चित्र नेते, हे तिला आता समजलं होतं. मग आवाजाला डबीपर्यंत जायला वाट कुठली? तिनं डबी उचलून फिरवली आणि त्या गोल भोकाकडे बघितलं. धर्मेंद्रला त्याची जरूरत पडत नसेल. पल्लवीच्या जुन्या स्पीकरच्या खोक्यात दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर पडली होती. तिनं एक टोक कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकात घातलं, दुसरं डबीच्या गोल भोकात. टीव्हीतून आधी खरखर आली आणि मग हॉलभर ढोलकी घुमली.

निंबाकाका ताठ बसले. पोरी गोल फिरल्या, चुकल्या, थांबल्या. डाव्या कडेला गमछा डोक्यावर गेला. गाण्यासकट बघितल्यावर मालतीला दिसलं, की आबा पल्लवीच्या किंचित आधी पाऊल टाकत होते, तिला पोचायला वेळ मिळावा इतकंच आधी. शिकवणारा माणूस तसं करतो. तिनं स्वतः फळ्यासमोर किती वर्षं तेच केलं होतं.

काकांनी ते तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांच्या गालावरून पाणी आलं, पण ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. हात खुर्चीच्या दांडीवर ताल धरून होते.

"काका," नंदकुमार म्हणाला, "पाय दिसत नाहीत यात. पाय कसे पडायचे त्यांचे?"

"पाय? माह्या गुडघ्यात आता जीव नाही रे."

"नुसतं सांगा."

काकांनी दांडीवर बोटांनी वाजवून दाखवलं. "डावा दोनदा. मंग उजवा घसटत. मंग टाच. घाई नाही कराची. पंडित घाई करे नाही."

नंदकुमारनं चपला काढल्या. साठी ओलांडलेला माणूस, नळ्यांच्या दुकानात बसून पोट सुटलेलं. मालतीला तो वरातीतही कडेला उभा राहिलेला आठवत होता. तो टीव्हीसमोर उभा राहिला, डावा पाय दोनदा टाकला, उजवा घासला आणि अडखळला.

"टाच राह्यली," काका म्हणाले. "पुन्हा."

मालतीनं गाणं पहिल्यापासून लावलं आणि त्याच्या पायात येणारी वायर उचलून हातात धरली.